घेतलीत का गोळी?

३ मार्च
आवाज पास झाला! माझा! आठवी नापास माणसाचा आवाज एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात पास!

झालं असं — धुवायच्या चादरी ढकलगाडीत भरल्या आणि चाक अडलं. ते रोजच अडतं. मीही रोजच भांडतो त्याच्याशी — "चला महाराज, निघता का पालखी मागवू?" मागे संशोधनवाल्या डॉक्टरीणबाई उभ्या! म्हणाल्या, "चाकाशी बोलता तसं माणसांशी बोलाल?" मला वाटलं, गेली नोकरी.

निघालं भलतंच. आपली भाषा बोलणारे कामगार इथे परमुलखात ढिगाने. बीपीची गोळी दिली की महिनाभर घेतात, बरं वाटलं की सोडून देतात. छापील कागद वाटून झाले. मोबाईलवर लिहून पाठवून झालं. आता रोज सकाळी बोलका निरोप पाठवून बघायचाय, घरच्या बोलीत. आधी एका निवेदकाचा आवाज घेतला होता. पेशंट म्हणाले, बँकवाला वसुलीला आल्यासारखं वाटतं!

५ मार्च
काचेच्या खोलीत बसवलं. कागदावर होतं — "कृपया आपली औषधे नियमित घ्यावीत." माझी जीभच वळेना. तीनदा अडखळलो. चौथ्यांदा वैतागून कागद उलटा ठेवला आणि म्हटलं, "घेतलीत का गोळी? नाही ना? मग बसलात काय! उठा, पाणी घ्या!"

काचेपलीकडे बाई हसून लाल. "हेच ठेवायचं," म्हणाल्या.

खोलीवर आल्यावर सांगितलं. माझ्या खोलीतला जोडीदार बुटक्या (ताडमाड आहे, म्हणून बुटक्या) म्हणाला, "साहेब, आता भांडी घासायची पाळी तुमचीच की आम्हाला अपॉइंटमेंट घ्यावी लागेल?"

घासली. गात गात घासली.

१२ मार्च
कॉम्प्युटरने चिठ्ठ्या टाकल्या. अर्ध्या पेशंटना माझा आवाज, अर्ध्यांना नुसती गोळी. मी म्हटलं, "बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?" बाई म्हणाल्या, "दोन्ही गट शेजारी ठेवल्याशिवाय कळणार कसं, आवाजाने फरक पडला की आपोआप?" पटलं. पण जीव हळहळला.

१९ मार्च
गावाहून ताईचा फोन. वडील, आमचे अण्णा, दुकानात चक्कर येऊन पडले. कुलूप दुरुस्त करता करता. बीपी भयंकर वर. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर एखाद्या दिवशी अर्धं अंग जाईल. गोळ्या दिल्यात. अण्णा हात लावत नाहीत. "मला काय धाड भरलीय?"

माझ्याशी तर ते बोलतच नाहीत. दोन वर्षं झाली. माझे पाय एका जागी ठरत नाहीत, हे त्यांना पहिल्यापासून खुपायचं. न सांगता निघून आलो आणि इथून फोन केला, तेव्हा म्हणाले होते, "गेलास ना? मग तुझा आवाजही या घरात नको."

दिवसभर चादरी ओढत होतो. हात चालू, डोकं तिकडे.

२० मार्च
बाईंना विचारलं, निरोप घरी पाठवू का? म्हणाल्या, "वडील आपल्या अभ्यासात नाहीत. पण आवाज तुमचा आहे. गोळ्यांचं मात्र तिथल्या डॉक्टरांनाच विचारायचं."

रोज एक नवा निरोप ताईला पाठवणार. ती अण्णांना ऐकवणार — दवाखान्याकडून आलाय म्हणून.

२३ मार्च
ताई म्हणाली, पहिल्या निरोपाला अण्णांनी मान वर केली. म्हणाले, "कोण हा दीडशहाणा?" पण शेवटपर्यंत ऐकलं! आणि गोळी तोंडात टाकली. तिच्यासमोर!

ओळखलं नसेल? आई म्हणते, "अरे, किल्लीच्या खुळखुळ्यावरून कुलूप सांगणारा माणूस तो!"

१७ एप्रिल
आजचा दिवस सोन्याचा! चहाच्या रांगेत मी म्हटलं, "सरका की जरा, काका!" पुढचा म्हातारा वेल्डर दचकून वळला. "घेतली रे बाबा, घेतली! आता इथेही का?"

अख्खी रांग हसली. मग त्याने माझा हात धरला. "तू होय तो! सकाळी खोलीत कोणी नसतं. तू तरी विचारतोस."

चहा त्यानेच पाजला.

९ मे
नवा नियम. ज्यांचा बीपीचा आकडा उतरून तिथेच टिकला, त्यांची गोळी चालू, पण रोजचे निरोप बंद. बाई म्हणतात, मूल चालायला लागलं की बोट सोडायचं. आवाजाची सवय नको, गोळीची हवी. किती बरोबर! ताईलाही कळवलं — आपणही तसंच करू. अण्णांचा आकडा उतरला की झालं.

१४ मे
निरोप करणं आता हातचा मळ. आज अण्णांना म्हटलं, "गोळी कुलपाच्या तेलासारखी. कुलूप गंजल्यावर नाही, आधी घालायचं." ताई म्हणाली, हे त्यांनी परत लावायला सांगितलं!

६ जून
सभागृहात भिंतीवर निकाल! माझ्या आवाजाच्या गटात गोळ्या चुकवणारे कितीतरी कमी. आकडेही उतरलेले. आता दुसऱ्या गटालाही निरोप सुरू करणार. बाईंनी मला उभं केलं, धुलाईच्या कपड्यांतच. सगळे डॉक्टर टाळ्या वाजवत होते. मला हात कुठे ठेवावेत ते कळेना.

बाई हेही म्हणाल्या, हा एकाच गावचा... म्हणजे एकाच हॉस्पिटलचा अभ्यास, अजून पुष्कळ बघायचंय. बघा की! आम्ही कुठे पळतोय?

८ जून
अण्णांचा आकडा जरा उतरत होता, महिन्याभरात पुन्हा चढला. परवा तर आणखी वर. तिथल्या डॉक्टरांनी गोळी वाढवली. ताई रडकुंडीला आलीय — "माझ्यासमोर तोंडात टाकतात रे!"

बाईंना सांगितलं. म्हणाल्या, "कधी कधी गोळी खरंच पुरत नाही. पण आधी बघायचं, ती पोटात जातेय का. आणि रागावू नका. विचारा."

मला झोंबलं. शेकडो माणसं माझ्या आवाजाने उठतात. माझाच बाप उठणार नाही?

९ जून
ताईला गोळ्या अण्णांच्या खोक्यात सापडल्या. जुन्या किल्ल्यांखाली. ओल्या होऊन वाळलेल्या. ढीगभर.

१० जून
मी स्वतः फोन लावला. अण्णांनीच उचलला.
"घेतलीत का गोळी?"
म्हणाले, "घेतली की आकडा उतरणार. उतरला की तू बंद होणार. तुझ्या ताईनेच सांगितलं. मग घेऊ कशाला?"