तीनशे बारा डीव्हीडी आणि एक परवानगी

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.
बायको म्हणते, पलंगाखालच्या डीव्हीडींचं काहीतरी करा. बाईला दूरदृष्टी नाही. मला मात्र तत्क्षणी सुचलं: भाड्याने द्यायच्या! ३१२ सिनेमे, सगळे ओरिजनल, घामाच्या पैशातून घेतलेले. नोकरीचा राजीनामा मनातल्या मनात लिहून ठेवला.

५ मार्च.
जिन्यात पाटी लावली. तळमजल्यावरचा दाताचा डॉक्टर पहिला मेंबर. प्लेयर नाही म्हणाला, म्हणून माझा दिला. आता माझ्याकडे नाही. धंद्यात गुंतवणूक करावीच लागते.

९ मार्च, रविवार.
बायकोचा भाऊ जेवायला. वकील आहे, तरी बोलावतो. पाटी वाचूनच वर आला. म्हणाला, "दाजी, डबी तुमची, चकती तुमची, आतला सिनेमा तुमचा नाही. घरी शंभरदा बघा. पण पैसे घेऊन भाड्याने द्यायला कॉपीराइटवाल्याची परवानगी लागते." मी विचारलं, माझी सायकल भाड्याने दिली तर सायकल कंपनी येते का जाब विचारायला? म्हणाला, सिनेमा म्हणजे सायकल नव्हे. बायको हसली. एकाच माळेचे मणी.

१० मार्च.
'भाडे' शब्दावर कागद चिकटवला. आता 'चकती-देखभाल शुल्क'. मेव्हण्याला फोनवर कळवलं. म्हणाला, ताईला फोन द्या. हरला!

१४ मार्च.
दुसरा मेंबर. वरच्या मजल्यावर नवीन राहायला आलेले आजोबा. सगळ्या डब्या चाळल्या, एक उचलली. डोळ्यांजवळ धरून वाचली, वय. मी प्रामाणिक दुकानदार. म्हटलं, हा नको. हिरो अर्धा सिनेमा शिडीवरच असतो. दिग्दर्शकाला कुणीतरी खाली उतरवायला हवं होतं. मला साबणावर फुकट मिळाला.
आजोबा म्हणाले, "शिडी जरा लांबलीच." मग म्हणाले, "मीच काढलाय तो. राहतं घर विकून."
पाटी काढून उशीखाली ठेवली.

१७ मार्च.
ऑफिसला दांडी. कॉपीराइटचा मालक माझ्या डोक्यावर राहतो. वर खुर्ची सरकली की वाटतं, नोटीस लिहायला बसले. बायकोला म्हटलं, तुरुंगात चष्मा नेऊ देतात का, भावाला विचार. ती भावाकडे न जाता सरळ वर गेली. तासाभराने आली. आजोबांकडे स्वतःच्या सिनेमाची एकही प्रत उरलेली नाही म्हणे. आणि त्यांनी विचारलंय, तुमच्या मिस्टरांनी खरंच शेवटपर्यंत पाहिला?

१८ मार्च.
धीटपणे वर गेलो. (बायको पुढे.) सांगून टाकलं: तीनदा पाहिला. शेवटी तो शिडीवरून उतरतो आणि खाली कुणीच नसतं, तिथे तिन्ही वेळा रडलो. हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. बायको माझ्याकडे बघत राहिली. आजोबांनी चष्मा पुसला, कागद ओढला आणि लिहून दिलं: हा सिनेमा भाड्याने देण्यास माझी कायमची परवानगी. मोबदला नको.

१९ मार्च.
मेव्हणा म्हणाला, कागद चोख आहे. बाकीच्या ३११ चं काय, हेही विचारलं. या माणसाला आनंद बघवत नाही. ३११ बाजूला. नवी पाटी: 'पूर्णपणे कायदेशीर चित्रपट लायब्ररी'. डॉक्टरला सिनेमा सुचवला. शिडीचं ऐकून त्याला एकदम पेशंट आठवला.

२३ मार्च, रविवार. दुपार.
आजोबा आले. मुलगी येणार आहे. तिने बापाचा सिनेमा कधी पाहिलेला नाही. शुल्क विचारत होते. मालकाकडून कसलं शुल्क? परत कधी देणार, हे विचारायला तोंड उघडलं, पण ते डबी छातीशी धरून जिना चढत होते. मिटलं.

संध्याकाळी ५.
पाटी वाचून एक बाई आल्या. कुठले सिनेमे आहेत? म्हटलं, एकच आहे, आणि तो मालकाकडे आहे. मग तुम्ही इथे काय करता, असं त्यांनी विचारलं. 'कायद्याचं पालन' हे उत्तर सुचलं, पण तोवर त्या तळमजल्यावर पोचल्या होत्या.