सोजरबाईने पथ्य मोडले नव्हते

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारीसाहेब,
भीमातीर फिरता दवाखाना (मधुमेह योजना), दौंड.

अर्जदार : खंडू गेणबा कोकरे, वय ५९, धंदा गुळव्या, रा. राहू, ता. दौंड, जि. पुणे.

विषय : कै. सोजरबाई खंडू कोकरे यांच्या कार्डावरील ‘पथ्य मोडल्याने मृत्यू’ हा शेरा खोडण्याबाबत.
संदर्भ : योजनेचे कार्ड क्र. ११८. सोबत वही व मशीन जोडले आहे.

महोदय,

सविनय अर्ज करतो की, सोजरबाई ही माझी पत्नी. बोटातल्या रक्ताच्या थेंबावरून साखर सांगणारे मशीन व पट्ट्यांची डबी आपल्या भाग्यश्री सिस्टरांनी तिला दिली होती. बोट टोचणे, आकडा वहीत लिहिणे व सुई देणे ही कामे माझ्याकडे होती. आकडा तीनशेच्या वर गेल्यास इन्सुलिन किती वाढवायचे तेही कार्डावर होते.

दि. १७ जानेवारी २००६ रोजी ती दिवसभर गुऱ्हाळावर गुळाच्या ढेपा बांधत होती. संध्याकाळी तिथेच तिचे बोट लुगड्याला पुसून टोचले. आकडा ४१२ आला. मी चारचौघांत तिला नाही नाही ते बोललो. ती म्हणाली, “खंडोबाची आण, गुळाला तोंड लावलं न्हाई वो.” तीन वर्षे चहासुद्धा बिनगुळाचा पिणारी बाई. मी म्हणालो, मशीन कशाला खोटं बोलंल? आणि घरी नेऊन कार्डाप्रमाणे जादा सुई दिली. दौंडला नेताना जीपमध्येच ती गेली.

आपण मशीनमधला शेवटचा आकडा पाहून शेरा मारलात. आपल्याला दोष देत नाही, कारण तिच्या माहेरचे निमोण्याहून आले तेव्हा मीही त्यांना तेच सांगितले. गुळव्याच्या बायकोला गुळानेच नेले, असे गाव अजून म्हणते.

तेराव्यानंतर डबीत चार पट्ट्या उरल्या होत्या. मला साखरेचा आजार नाही. ढेप हाताळून बोट तसेच टोचले, आकडा ३७६. साबणाने हात धुऊन टोचले, ९८. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच केले, पुन्हा तसेच आले. हातच्या काकणाला आरसा कशाला? पट्टीने रक्ताबरोबर बोटावरचा गूळही मोजला होता. आधी हात धुवा, असे सिस्टरांनी सांगितले असेल, मला आठवत नाही. पाक उतरवायची वेळ बोटाने ओळखतो म्हणून चार गावांत मला बोलावणे येते. तिच्या बोटाचा गूळ मला कळला नाही साहेब, आणि हे मला सहन होत नाही.

तरी तो शेरा खोडावा. जागा मोकळी ठेवता येत नसेल तर पुढील मजकूर लिहावा, मी त्यावर सही करीन :

‘सुईनंतर तासाभरात रुग्णास दरदरून घाम सुटला, हात कापू लागले. रक्तातली साखर प्रमाणाबाहेर उतरल्याची ही खूण नवऱ्यास माहीत नव्हती. रुग्णाने गुळाचा एक खडा मागितला. घरात अकरा ढेपा होत्या. नवऱ्याने दिला नाही.’

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
खंडू गेणबा कोकरे
राहू, दि. २ मार्च २००६