टीव्हीतल्या म्हातारीचं मरण

प्रिय राजेश्वरी,

प्रिय लिवायचं आसतं म्हणून लिवलं, आत राग हाय. फोनवर बोलले आसते, पण तितं तुला मधीच कुणीतरी हाक मारतंय आन तू एक मिनिट म्हणून मला टांगून ठेवतीस. कागदाला कुणी हाक मारत न्हाई. चौथीत शाळा सुटली माझी, अक्षर लावून वाच.

तू लिवतीस ती मालिका मी पहिल्या दिवसापास्नं बघते. आठला लागायची तवा आख्खी आळी आमच्या सोप्यात बसायची. शेजारची नूरजहां बांगड्यांचं दुकान बंद करून यायची. पाट्या पळताना 'संवाद' म्हणून तुझं नाव यायचं, तवा मी सगळ्यांस्नी गप करायचे. नाव असं पळायचं की जणू मागं कुत्रं लागलंय. तरी बघायचे.

मग तुमच्या चॅनेलच्या साहेबांनी आठला ती नाचाची स्पर्धा बसवली आन तुझी मालिका साडेसहाला ढकलली. म्हणं त्या वक्ताला घरच्या बाया मोकळ्या आसत्यात. कडेगावात त्या वक्ताला बाई गोठ्यात न्हाईतर डेअरीच्या रांगेत. सोप्यात मी एकटी उरले. मीबी उरले ते म्हशीची धार अलीकडं घेऊन. म्हशीला काय कळतंय तुझं चॅनेल? तिनं पान्हा चोरला. किटली हलकी झाली, तुझा बाप कुरकुरला, आन तिकडं किती घरं मालिका बघत्यात तो दर गुरवारी येणारा तुझा आकडा खाली. तू फोनवर रडायचीस. मी म्हणायचे व्हईल बरं. पण तुझ्यापाशी खोटं कशाला लिवू, आकडा पडला म्हणल्यावर मला आतनं जरा गार वाटायचं.

का, ते सांगते. त्या म्हातारीपायी. तुझ्या मालिकेतली आजी. इस्त्रीचं इरकल नेसती, तोंडाला पावडर, झोपून उठली तरी आंबाडा जागच्या जागी. आन तोंड उघडलं की माझं बोलणं! 'तोंडाला कुलूप घाल आन किल्ली हिरीत टाक' हे तुझ्या बापाला कोण म्हणायचं? 'रडायचं आसंल तर कांदा घिऊन बस, कामबी व्हईल' हे तुला कोण म्हणलं, शाळेत नंबर गेला तवा? तू माझं एकेक उचललंस आन तिच्या तोंडात घातलंस. परवा तर कहर. ती नातीला भाकरीचा पापुद्रा सोडवून, तूप लावून देती. तो पापुद्रा मी तुला देत होते, तुझ्या आत्याच्या पोरांस्नी न्हाई दिला कवा. म्हशीगत डोळं वटारून बघितलं मी टीव्हीकडं. तिची भाकरी तर फुगलीबी नव्हती.

आन गावाची तऱ्हा बघ. डेअरीत मी त्या दुधाची फॅट लावणाऱ्या नानासोला झापलं, तर नूरजहां हसून म्हणती, "आवं मावशी, तुमी तर टीव्हीतल्या आजीवानी बोलाय लागलाव." मी! तिच्यावानी! जन्मभर बोललेलं आता मीच उष्टं बोलते म्हणं. तवापास्नं चार लोकांत तोंड उघडायची चोरी झाली हाय. बोलायला जावं तर आधी इचार पडतो, हे तिनं म्हणून झालंय का काय.

त्यात तुझ्या आईनं मोबाईल दाखवला. टीव्हीत आजी व्हती त्या बाईचा वाढदिवस, तू तिच्या गळ्यात पडलीस, आन खाली लिवलंस, माझी आजी. माझा वाढदिवस कवा आसतो मला ठावं न्हाई, म्हणून तुलाबी ठावं नसंल, ते आसू दे. पण मोहरमला ताबूत बघाय आलीस, तवा दोन दिस ऱ्हायलीस आन दोन्ही दिस त्या मोबाईलच्या डब्यात बोटं मारत बसलीस. मी बोलले की लिवून घ्यायचीस. मला वाटायचं पोरीला माझं बोलणं गोड लागतंय. ते तिच्यासाठी नेत होतीस व्हय?

आता मुद्द्याचं. आयतवारी तुझा फोन आला. आकडा उठंना म्हणून चॅनेलनं म्हातारीला मारायचं ठरवलंय, तो भाग चालला तर मालिका ऱ्हाणार, न्हाईतर बंद. आन तू मला इचारलंस, "आजी, मरताना तू काय म्हणशील गं?" मी म्हणलं दूध उतू चाललंय आन फोन ठेवला. चुलीवर दूध नव्हतं. हे पत्र त्याचं उत्तर हाय. न्हाई देणार. बाकी समदं तिनं नेलं, पापुद्रासुदिक नेला, एवढं माझं माझ्यापाशी ऱ्हाऊ दे. तिला मुकी मरू दे. आन तुझ्या साहेबास्नी सांग, मारायचीच आसंल तर आठला मारा, मी आख्खी आळी गोळा करून बसवते, डोळ्याला पदरबी लावते. साडेसहाला मेली तर रडायला म्हस सोडून कोण येणार न्हाई. माझं शेवटचं बोलणं ऐकायचं आसंल तर तुला हितं येऊन बसावं लागंल, डबा पिशवीत ठिऊन. गुडघा सोडला तर मला काय झालेलं न्हाई, पण वाट बघाय लावू नको. साडेसहाला येऊ नको, म्हशीची धार मी आता परत त्याच वक्ताला घेते, गोठ्यात आसते. आठला ये. तो नाच मी लावत न्हाई. आठला टीव्ही बंदच आसतो, ती वेळ मी अजून कुणाला दिली न्हाई.

तुझीच, आन कुठल्या चॅनेलची न्हाई,
आजी चंद्राबाई