परकी असल्याची साक्ष

१२ जानेवारी
अखेर चौकशीला आले! नागरिकत्वाचा अर्ज इतके दिवस नुसता पडून होता, आणि आज भर दुपारी हवालदार दारात. शेगावला कधी आलात, माहेरी फोन कितीदा करता? सगळं खरं सांगितलं — जन्म सिंधमधल्या मीरपूरखासचा, पाकिस्तान. लग्न करून इथं आले, तेव्हापासून इथंच. मग ते गल्लीत विचारायला गेले. जीवन म्हणाले, "आता होईल."
नवरे लोकांना किती लवकर वाटतं!

१३ जानेवारी
पहाटे स्वप्नात अम्मा. कालव्याकाठी आंब्याखाली बसलेली, आणि चक्क वऱ्हाडीत म्हणते, "काऊन नाही आली वं पोरी?" तिच्याशेजारी आमच्या शेजारच्या वच्छलाबाई, त्या सिंधीत हसत होत्या. सिंधीत हसणं कसं असतं? पण स्वप्नात अगदी कळत होतं.

२ मार्च
अर्ज अडकला. ऑफिसातल्या लोकांनी जीवनना सांगितलं — अर्जात एक लिहिलंय, शेजारणीच्या जबाबात दुसरंच. पुन्हा चौकशी होणार.
वच्छलाबाईंनी हवालदाराला ठणकावून सांगितलं होतं, "पाकिस्तानची? कोण म्हणते बे? इथलीच आहे! तिच्या मायचं बाळंतपण म्याच केलं!"
हसावं की रडावं! नवी नवरी होते तेव्हा मला भाकरी थापता येत नव्हती, मराठी येत नव्हती. दोन्ही त्यांनीच शिकवलं. तेव्हा एका अर्थी — नको. तो अर्थ ऑफिसात चालत नाही.

३ मार्च
काहीच लिहावंसं वाटत नाही. ऊन मात्र फार सुंदर पडलं होतं.

१९ मार्च
अम्माची नजर पूर्ण गेली. भावानं फोनवर सांगितलं. मग ती स्वतः बोलली — "फोनवर तोंड दाखवू नकोस आता. ये, तुझ्या तोंडावरून हात फिरवू दे."
कशी जाऊ? जुना पासपोर्ट केव्हाच जमा केला. नवा मिळायचा तर आधी नागरिक व्हायला हवं.
ही वही मराठीत लिहिते, कारण जीवननी पहिल्याच वर्षी सांगितलं — तुझ्या लिपीतलं काही घरात नको, उगाच कोणाला संशय. आता मनातही मराठीच येतं. पण कधी कधी झोपेत ती उजवीकडून निघणारी अक्षरं दिसतात, सांडलेल्या मोहरीसारखी. वेचायला गेलं की घरंगळतात.

७ एप्रिल
वच्छलाबाईंकडे गेले. त्या अंगणात कुरडया घालत होत्या. म्हटलं, आता विचारलं तर खरं सांगा. मी बाहेरची आहे म्हणून सांगा.
"मले नाही जमत."
"बाई, माझी अम्मा तिकडे —"
"अन् मंग इतके वर्स म्या भाकर कोणाले देल्ली? पाकिस्तानाले?"
मला हसू फुटलं. त्यांना नाही. सोऱ्या तसाच हातात. म्हणाल्या, "माह्याच तोंडानं वदवतं काय वं? लय हुशार झाली तू."
त्यानंतर माझ्याकडे पाहिलंच नाही. कुरडया वाकड्या पडत राहिल्या.

२२ एप्रिल
गेल्या! ठाण्यात जाऊन आल्या. जीवन सोबत होते. म्हणाले, बाईंनी एका दमात सांगितलं, "पाकिस्तानची आहे. माही कोणी नाही." अंगठा दिला आणि पाणीही न घेता निघाल्या.
"कोणी नाही" असं तर कोणी विचारलंसुद्धा नव्हतं.

३० ऑगस्ट
अर्ज पुढे सरकला म्हणतात. दुपारी डोळा लागला तेव्हा कपाळावर बोटं फिरली, भुवयांपर्यंत आली. जागी झाले तर पंख्याचा वारा.

१४ ऑक्टोबर
मिळालं!! प्रमाणपत्रावर माझं नाव, अगदी स्वच्छ. अम्माला फोन केला. ती म्हणाली, "नखं कापून ठेवते. तुला लागायला नको."
आता पासपोर्ट, मग व्हिसा. पण आता निदान रस्ता आहे. वच्छलाबाईंकडे पेढे घेऊन गेले, तर दाराला कुलूप.

१५ ऑक्टोबर
सकाळी कडी वाजली. दार तर उघडंच होतं! पाहते तो वच्छलाबाई. आजवर न विचारता थेट चुलीपाशी येणारी बाई, आज उंबऱ्याबाहेर चपला काढून उभी.
"येऊ काय अंदर?"