मागचा डावा स्पीकर

प्रिय अण्णा,

काल आईनं लोखंडी ट्रंकेतून मिरजेच्या डॉक्टरांची फाईल काढून माझ्या हातात दिली. तुम्ही गेल्यावर तीन महिन्यांनी! ती वाचून झाली आणि लिहायला बसले. भांडणार कुणाशी? तुम्ही तर तोंड चुकवून निघून गेलात.

डाव्या कानामागे, आत मेंदूला लागून गाठ. त्या कानानं ऐकू येणं जवळपास बंद. 'ऑपरेशन लवकर करावे' असं स्वच्छ लिहिलंय. आणि तारीख गणपतीतली! म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत मी सांगलीच्या हॉस्टेलवरून कुंडलला घरी आले, तेव्हा तुम्हाला सगळं ठाऊक होतं.

त्या सुट्टीत आपण काय करत होतो, आठवतंय? माझ्या जुन्या कॉम्प्युटरला बाहेरून जोडायचा वहीएवढा साउंड कार्डाचा डबा मी मैत्रिणीकडून मागून आणला होता. तुम्ही आपल्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानातले चार स्पीकर प्लायवूडच्या खोक्यांत बसवलेत. दोन पुढं, दोन मागं. "चारी अंगांनी आवाज आला पाहिजे गं, भजनात मधोमध बसल्यागत!" तुमचा उत्साह काय वर्णावा!

दोन दिवस मागचे स्पीकर मुकेच. मग मला सापडलं, की सेटिंगमध्ये 'दोन स्पीकर' तसंच राहिलंय. ते 'चार' केलं, तुम्हाला मधल्या खुर्चीत बसवलं आणि एकेका स्पीकरवर आवाज सोडत गेले. पुढचा उजवा. "आला." पुढचा डावा. "आला." मागचा उजवा. "आला." मागचा डावा. "आला की!"

कुठला आला, अण्णा? त्याची वायर सुटली होती.

"लक्ष कुठंय तुमचं?" मी खेकसले. तुम्ही हसलात. "चुकलं गं. म्हातारा झालो." रेडिओतली बारीक खरखर दारातून ओळखणारा माणूस! माझ्या तोंडाकडं बघून तुम्ही 'आला' म्हणत होता, हे मला आज कळतंय.

आणि पाडव्याचं जेवण? मी तुमच्या डाव्या हाताला बसून माझ्या प्रोजेक्टबद्दल सांगत होते. दोनदा विचारलं, "कसं वाटतं?" तुम्ही ताटातून मान वर केली नाहीत. "माझं बोलणं तुम्हाला ऐकायचंच नाही!" म्हणत मी उठले, बॅग भरली, मिळाली ती एसटी पकडली. संक्रांतीलाही आले नाही. लेक रुसून गेलेली तुम्हाला चालली, पण तिला खरं सांगणं नाही चाललं?

फेब्रुवारीत हॉस्टेलवर काकांचा फोन आला, "मिरजेला ये, लगेच." मी पोचले तेव्हा तुम्ही बेशुद्ध होता. उजव्या कानाशी वाकून बोलायचं असतं, एवढंसुद्धा मला कुणी सांगितलं नाही. मी डाव्या बाजूला बसून रात्रभर माफी मागत राहिले.

काकांना माहीत होतं. शेजारच्या शिंप्यालासुद्धा माहीत होतं. काल आईला विचारलं, "तूसुद्धा?" ती रडत म्हणाली, "शपत घातली हुती गं त्यांनी. पोरीचं शेवटचं वर्स हाय, पेपर झालं की ऑपरेशन करू म्हनलं."

माझे पेपर! मला विचारलंत तरी का? एक वर्ष बुडालं असतं, पुढच्या वर्षी दिले असते. तुमच्या भीतीला तुम्ही माझ्या परीक्षेचं नाव दिलंत का हो? खरं सांगा. की हेही मी उगाच बोलतेय? बघा, आता तेवढंही विचारायची सोय तुम्ही ठेवली नाहीत.

धाकटी सुमी आठवीत आहे. आईनं तिला सांगितलंय, अण्णांच्या डोक्यात ताप गेला. तीन महिने ती कपाळाला हात लावून बघते, अण्णा, दिवसातून दहादा. आपल्यालाही ताप चढेल म्हणून.

आज ती खेळून आली, की फाईल उघडून तिच्यापुढं ठेवणार आहे. आई "नको" म्हणेल, तरी. सुमी रडेल, तुमच्यावर चिडेल, कदाचित माझ्यावरही. चिडू दे. मी तिच्याजवळ बसून राहीन. या घरात यापुढं कुणाला वाचवायला म्हणून खोटं बोलायचं नाही, हा माझा शब्द.

तुमच्यावर रागावलेली, आणि तरीही तुमचीच,
वैशाली