दिवा आणि शेवटचा क्वार्टर

फ्रिस्को. जानेवारी, रविवार संध्याकाळ

आमची अमेरिकन फुटबॉलची टीम बाद फेरीत हरली. सीझन संपला. जिंकली असती तर लेक मुक्ता पुढच्या रविवारची मॅच माझ्यासोबत बघून मगच न्यू जर्सीला नोकरीवर जाणार होती. आता उद्याच निघते. सप्टेंबरपासून दर रविवारी जीव टांगणीला लावून मीच थकलो.

गावी क्रिकेट बघताना आमचा नियम होता, डाव जमला की कुणी जागचं हलायचं नाही. तोच मी लेकीला फुटबॉलसाठी लावला. शेवटच्या क्वार्टरला आम्ही पुढे होतो आणि बाहेर अंधारून आलं. देवापाशी दिवा लागायचा होता. उठू कसा?

मुक्ताच उठली. "बाबा, यू सिट. मी लावते."

"अगं, मॅच..."

"देव थांबेल. तुमची चुळबुळ नाही थांबणार."

ती परत येईपर्यंत बॉल समोरच्यांकडे गेला होता. मग मॅचही गेली.

"आता दिव्याला बोल लावू नका हं."

नाही लावत. पण एक रविवार मिळाला असता तर...

वात तिने फार वर काढली आहे, काजळी धरतेय. खाली करायला हवी. आज राहू दे.