चष्मेवाल्यासाठी घंटी

प्रिय भिंगरी,

हे पत्र खालच्या मजल्यावरच्या टायपिस्टबाई लिहून घेतायत. त्यांची सगळी नोकरी साहेबांची पत्रं सुधारण्यात गेली, त्यामुळे माझंही सुधारून टाकतील असा मला दाट संशय आहे. म्हणून आधीच बजावलंय, की बाई, मी बोलेन तसं उतरवा, आणि झाल्यावर हे मी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून वाचून घेणार आहे. एखादा जरी शब्द माझ्यापेक्षा शहाणा निघाला तरी मला कळेल. यावर त्या हसल्या. म्हटलं, हसलात तेही लिहा. लिहिलं म्हणतात. बघू.

फोन का नाही केला, म्हणशील. एक तर फोन तुझ्या आईच्या खोलीत, आणि तिचे कान फोनकडे. दुसरं म्हणजे तू हल्ली फोनवर घशातल्या घशात बोलतेस. तुझी आईही तशीच. भांडी घासता घासता पाठमोरी काहीतरी पुटपुटते, आणि काय म्हणालीस विचारलं की काही नाही म्हणते. काही नाही तर पुटपुटायचं कशाला? तुझ्या बापानं दाराला नवी बेल बसवलीय, ती मनात आलं तर वाजते. मागच्या महिन्यात टायपिस्टबाई दाराबाहेर ताटकळून परत गेल्या. मी त्याला म्हटलं, दुकानदारानं तुला गंडवलं. तो म्हणाला, बेल चांगली आहे गं आई. फसलो हे कबूल करणं त्याच्या रक्तातच नाही, तुझे आजोबाही तसलेच. आणि खिडकीतल्या चिमण्या. येतात, दाणे टिपतात आणि ब्र न काढता उडून जातात. सगळं घर माझ्यापासून काहीतरी लपवतंय आणि चिमण्यांनाही सामील करून घेतलंय, असं मला गेलं वर्षभर वाटत होतं.

ते राहू दे. मला चष्मेवाल्याबद्दल बोलायचं आहे. तोंड वाकडं करू नकोस. येत्या एक तारखेला तू त्याला लग्नाचं काय ते सांगणार आहेस. काय सांगणार आहेस हे तू लिहिलं नाहीस, तरी मला माहीत आहे, कारण ते उत्तर तुझ्या तोंडात मीच घातलं. दोन महिन्यांपूर्वी तो तुला भेटायला सायकलवरून येत होता आणि मी बेकरीतून पाव घेऊन चालले होते. गल्लीच्या वळणावर मागून धडक बसली. मी बसकण मारली, पाव गटारात. त्यानं मला उचलून घरी आणलं, कोपर धुतलं, पट्टी बांधली, आणि सगळ्यांसमोर मान खाली घालून म्हणाला, वळणावर वेग कमी करायला हवा होता, चूक माझीच, पण आजी, घंटी मी तीनदा वाजवली होती. झालं. तिथंच तो माझ्या मनातून उतरला. चूक कबूल करायची आणि तिच्यावर खोट्याची कल्हई चढवायची, असली माणसं मी पुष्कळ पाहिलीत. मी म्हटलं, बाबा रे, हे दुसऱ्या कुणाला सांग. घंटीच्या बाबतीत माझ्यापुढे थाप चालणार नाही. तू मला विचारलंस, आजी, नक्की? मी म्हटलं, नक्की. तू त्याच्याकडे एकदा पाहिलंस आणि चहाचे कप उचलून आत गेलीस. पुढच्या आठवड्यात ट्रेनिंगला निघून गेलीस ती त्याला न भेटताच.

तुझी काय चूक? घंटीच्या बाबतीत माझ्या शब्दावर या घरात कधी कुणी दुसरा शब्द काढलेला नाही. सव्वीस वर्षं मी सायकलच्या घंट्यांच्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर बसले. वाट्या ठोकून, घासून, चकचकीत होऊन, आतली चाकं आणि स्प्रिंग बसवून घंटी माझ्यापुढे यायची. मी खटका दोनदा ओढायची. नाद सरळ आला तर पास, मध्येच कापरा झाला तर टोपलीत. दिवसाला सहाशे. मालक स्वतः घेऊन आला तरी मी टाकली म्हणजे टाकली. नाव घेऊन मला कुणी हाक मारलीच नाही, सगळा कारखाना कानवाली म्हणायचा. बाकीच्या बाया पास झालेल्या घंटीच्या आत आपला नंबर कोरायच्या. मला आकडा काढता येत नव्हता, म्हणून मी वाटीच्या आत कानशीनं दोन आडव्या रेघा आणि खाली एक टिंब काढायची. तेवढंच माझं लिहिणं. पण ते कधी खोटं निघालं नाही.

तर तू गेल्यावर माझ्या डोक्यात आलं, की या चष्मेवाल्याला एक घंटी भेट द्यावी. प्रेमानं नाही, उगाच गैरसमज नको. खरी घंटी कशी असते ते त्याला कळावं आणि पुढच्या म्हातारीला निदान ऐकू यावी, एवढाच उद्देश. त्यातला टोमणा त्याला समजला असता की नाही कोण जाणे, पण मला समाधान मिळालं असतं.

पहिल्या दुकानात गेले. दुकानदारानं काउंटरवर चार घंट्या ओळीनं मांडल्या आणि एकेक वाजवून दाखवली. चारही मुक्या. खटका हलतो, आत काहीतरी खुळखुळतं, नाद म्हणून नाही. मी एकीची वाटी फिरवून काढली तर आत प्लॅस्टिकची चाकं. म्हटलं, ही पहिल्या पावसाळ्यात दात पाडून बसेल. तो म्हणाला, आजी, आता सगळीकडे हेच मिळतं. मी म्हटलं, म्हणून तर मी घरून जेवून निघालेय, दुसरी दुकानं बघायला वेळ आहे. दुसऱ्या दुकानातली घंटी दिसायला बरी होती. पितळेची जाड वाटी, चाकं लोखंडी, खटका ओढला की लगेच जागेवर येणारा, हँडलला आवळायची पट्टीही भक्कम, पत्र्याची नव्हे. सगळं असं जागच्या जागी बघून माझा संशय उलट वाढलाच. त्यानं वाजवली, तर तीही मुकी. मी म्हटलं, वाटीला बारीक तडा असणार. शेजारी ट्यूब घ्यायला आलेली एक बाई मधेच म्हणाली, अहो, चांगली खणखणीत वाजतेय की. मी तिच्याकडे खालून वर पाहिलं. दुकानदाराची मेहुणी असावी.

मग मी आमच्या जुन्या मिस्त्रीकडे गेले. कारखान्यात वाट्या ठोकायचा तो. आता बाजाराच्या मागच्या रस्त्यावर सायकल दुरुस्तीची टपरी चालवतो, गुडघे दुखतात म्हणून स्टुलावर बसून. मी सगळी हकिकत सांगितली, तू, चष्मेवाला, मेहुणीसकट. तो म्हणाला, कानवाले, तुझ्यासाठी एक आहे. टपरीच्या आतून त्यानं मेणकागदात गुंडाळलेली एक घंटी काढली. कारखाना बंद झाला त्या आठवड्यातली, शेवटच्या पेटीतली. मी मुकाट्यानं वाटी फिरवून काढली आणि उजेडाकडे धरली. आत दोन आडव्या रेघा आणि खाली एक टिंब.

वाटी परत बसवली. खटका ओढला. काही नाही. परत ओढला. काही नाही. मी मिस्त्रीकडे पाहिलं. म्हटलं, आतली चाकं बदललीस. तो म्हणाला, नाही बदलली. मी म्हटलं, मग इतकी वर्षं दमट जागेत ठेवलीस. मी पट्टी चिमटीत धरून तिसऱ्यांदा खटका ओढला, आणि माझ्या बोटांना झिणझिण्या आल्या. बारीक, एकसारख्या, लांबपर्यंत. मी सातपर्यंत मोजलं. भिंगरी, जिची थरथर सातपर्यंत टिकते ती घंटी पहिल्या प्रतीची. आणि थरथरते पण वाजत नाही अशी घंटी अजून कुणी बनवलेली नाही.

तरी मी ऐकायला तयार होते होय? स्टूल रस्त्याच्या कडेला ओढून बसले. एक बाई भाजीची पिशवी घेऊन पाठमोरी चालली होती. मी खटका ओढला. ती मागं न बघता बाजूला सरकली. म्हटलं, योगायोग असेल. मग एक वकील काळ्या कोटात, हातातल्या कागदात डोकं घालून. ओढला खटका. तोही सरकला, कागद वाचत वाचतच. मग दोन कॉलेजातल्या मुली. एक डावीकडे, एक उजवीकडे. मी वेड्यासारखी खटका ओढत बसले, आणि ज्यांना मी जन्मात कधी पाहिलं नव्हतं अशी माणसं एकामागून एक मला वाट करून देत होती. सगळा रस्ता माझ्याविरुद्ध साक्ष देत होता. त्यातल्या कुणालाही मला मेहुणी ठरवता येईना.

मिस्त्री माझ्या समोर येऊन म्हणाला, मला वाटलं तुला माहीत असेल. माझा डावा कान केव्हाच गेला. दिवसाला सहाशे म्हणजे काय थोड्या झाल्या? मी म्हटलं, कुणाला बोललास तर टपरी उलथून टाकीन. त्यानं घंटी परत मेणकागदात गुंडाळून दिली आणि मला रस्ता ओलांडून द्यायला उठला. गुडघे दुखत असतानाही. मला ते अजिबात आवडलं नाही.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. तिथून मी थेट चष्म्याच्या दुकानात गेले. तो मागं बसून काच घासत होता. मी घंटी त्याच्यापुढं ठेवली आणि म्हटलं, तू त्या दिवशी तीनदा वाजवली होतीस. तो म्हणाला, चारदा, आजी. चौथ्यांदा तुम्ही खाली बसल्या होतात तेव्हा, अगदी तुमच्या कानाशी, आणि तुम्ही वळून पाहिलं नाहीत. म्हणजे त्याला त्याच दिवशी कळलं होतं. मी विचारलं, मग माझ्या नातीला का नाही सांगितलंस? नुसतं आजीला ऐकू येत नाही म्हणाला असतास तर सुटला असतास. तो म्हणाला, इथं रोज माणसं येतात, पाटीवरची अक्षरं दिसत नाहीत हे घरच्यांसमोर कबूल करताना त्यांची तोंडं मी बघतो. तुमच्या घरात सगळ्यांसमोर मी ते कसं बोलणार होतो? एवढं म्हणून परत काच घासायला लागला. तर तो खोटं बोलत नव्हता. चूक माझ्या कानांची होती, आणि तू माझ्या कानांच्या भरवशावर नाही म्हणायला निघाली आहेस, ते म्हणू नकोस. म्हणायचंच असेल तर स्वतःचं काही कारण काढून म्हण. तिथून आल्यापासून मी कारणं शोधतेय आणि मला एकच सापडलंय. एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवून जो माणूस दोन महिने निमूट काचा घासत बसतो, त्याच्या पोटात आणखी काय काय असेल याचा मला संशय आहे. एक तारखेपर्यंत थांबू नकोस. शनिवारची गाडी पकड, ये, आणि त्याला समोर बसवून विचार. आणि माझ्याशी बोलायचं असेल तेव्हा माझ्या समोर उभी राहा, आणि मोठ्यानं बोल.

तुझीच,
आजी
(अंगठा माझा आहे. शाई टायपिस्टबाईंची.)